साताऱ्याच्या सड्यांवर आणखी पवनचक्क्या नकोत : ऊर्जा विभाग आणि महाऊर्जा यांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई, आणि
मा. महासंचालक, महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा), पुणे

महोदय,

पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहायला आषाढ-श्रावणात पुण्या-कोल्हापुरापासून गाड्या येतात. कड्यावरून खाली झेपावलेले पाणी दरीतून वर येणारा वारा मधल्या मध्ये उचलतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, आणून टाकतो. पाहणारे भिजून परत जातात. याच वाऱ्याच्या भरवशावर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे, सडावाघापूर या सड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत आमच्या डोंगरांची गणना झाली. मी याच तालुक्यात खालच्या अंगाला राहतो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आणि घरची अडीच एकर जमीन अजून कसतो. वाऱ्यावर माझा राग नाही. पण राज्याची अपारंपरिक ऊर्जेची उद्दिष्टे वाढली की उरलेल्या सड्यांकडे पुन्हा बोटे दाखवली जातात, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की विजेची गरज मेगावॅटमध्ये मोजून भागत नाही. ती कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी आहे, हे आधी पाहावे लागते. या जिल्ह्याची गरज त्या नजरेने पाहिली, तर ती भागवण्याचे आज हाताशी असलेले मार्ग सड्यावर नव्या पवनचक्क्या उभारण्यापेक्षा जवळचे आहेत आणि कमी नुकसानीचेही आहेत.

पौष महिन्यातली एक रात्र सांगतो. आमच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या वीजवाहिनीला, त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत होती. शेजारचा पोरगा कानाला मफलर, पायात गमबूट आणि कपाळाला बॅटरी बांधून गव्हाला दारं धरायला निघाला. उसात बिबट्या दिसल्याची बोलवा होती, म्हणून सोबतीला मीही गेलो. वीज आली तशी शिवारातल्या साऱ्या मोटारी ऑटोस्विचवर एकदम सुरू झाल्या, आणि अर्ध्या तासात डीपीचा फ्यूज उडाला. विहिरीच्या काठावर बसून आम्ही वर सड्याकडे पाहिले. काही मनोऱ्यांचे तांबडे दिवे लुकलुकत होते आणि चांदण्यात दिसणारी जवळची पाती जागच्या जागी थांबलेली होती. पहाटे तीनला वीज परत आली, तोवर चार सऱ्याही भिजल्या नव्हत्या.

त्या रात्रीचा दोष मी कोणा कार्यालयाला देत नाही. सह्याद्रीवरचा वारा मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वारा आहे. मेअखेरीस तो जोर धरतो, आषाढात ऐन भरात असतो आणि भाद्रपद संपता संपता ओसरतो. आमच्या पवनचक्क्यांची वर्षभराची बरीचशी वीज याच चार-साडेचार महिन्यांत तयार होते. नेमक्या त्याच दिवसांत शेतीपंप बंद असतात, कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरत आलेला असतो आणि राज्याची एकूण मागणीही उतरलेली असते. कार्तिकापासून रब्बीची पाणी द्यायची घाई सुरू होते, फाल्गुन-चैत्रात उसाला आणि बागायतीला पाणी लागते, वैशाखात पंखे-कूलर जोडले जातात, आणि तेव्हा सड्यावरची पाती आळसावलेली असतात. त्या वाऱ्याच्या विजेला मोल नाही, असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौरवीज घटते आणि रात्री ती नसतेच, तिथे वारा तिची उणीव भरून काढतो. पण हे काम करायला सध्या उभ्या असलेल्या जागा पुरेशा आहेत का, हा प्रश्न नव्या जागा शोधण्याआधी विचारायला हवा होता.

तो विचारला गेला नाही, याचे कारण पवनचक्क्या इथे कशा आल्या यात सापडते. सुरुवातीच्या वर्षांत पवनचक्कीत गुंतवलेल्या रकमेवर पहिल्याच वर्षी 100 टक्के, आणि नंतरच्या काळात 80 टक्के, घसारा म्हणजे करपात्र नफ्यातून वजावट मिळत असे. ज्याला नफ्यावरचा कर वाचवायचा आहे, त्याने मार्चअखेरपूर्वी पवनचक्की घ्यावी, असा तो काळ होता. मग पात्याखाली किती युनिट निघतात याची फिकीर मालकाला कितपत असणार? 2012 साली ही सवलत काढली तेव्हा देशभर नवी उभारणी झटकन मंदावली, आणि 2014 साली ती परत द्यावी लागली. 2017 पासून घसारा 40 टक्क्यांवर आला. एकेका मालकाची एखाद-दुसरी पवनचक्की, कमी उंचीचे मनोरे, 230 ते 350 किलोवॅटची लहान यंत्रे आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली जमीन, असे आजच्या सड्याचे चित्र त्या काळाने घडवले आहे.

सडा म्हणजे ओसाड माळ, असे कागदोपत्री मानले जाते. कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे तिथल्या फुलांना निदान रांगेतले प्रेक्षक तरी मिळतात. चाळकेवाडीचा आणि वनकुसवड्याचा सडा त्याच जातकुळीचा आहे. जांभ्या दगडावर बोटभर माती असते. पावसात त्यावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवळा फुलतात आणि महिना-दीड महिन्यात बी टाकून मोकळे होतात. सड्याच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येते. क्रेन वर नेण्यासाठी रुंद रस्ता कापला आणि पायासाठी जांभा फोडला की हे पाणी वाट बदलते. झरा का आटला, हे मग वाडीतल्या बायकांना कोणी समजावून सांगत नाही. 2021 च्या जुलैत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. त्या दरडींचा पवनचक्क्यांशी संबंध जोडायला माझ्याजवळ पुरावा नाही, म्हणून मी तो जोडत नाही. परंतु इतक्या नाजूक डोंगरावर यापुढे यंत्रसामग्रीसाठी एकही रस्ता कापण्याआधी त्याचा पुरावा मागितला जावा, एवढे म्हणायचा अधिकार मला आहे.

चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाचा पंखा असतो आणि वळवाआधीच्या उन्हात दगडावर उभा राहून तो ऐटीने उघडतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले, तेव्हा प्रजातिगटासाठी मराठीतलाच ‘सरडा’ शब्द घेतला. त्याचे शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’ आहे. याच सड्यावर काम करून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2018 साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले, आणि त्यांच्या गळ्याचा रंगही फिका पडला. पक्षी पात्याला आपटून मरतात एवढेच नुकसान असते असे आपण समजत होतो, पण इथे अन्नसाखळीचा वरचा दुवाच ढिला झाल्याचे दिसले. जगभर दाखला म्हणून वाचला जाणारा हा अभ्यास आमच्या जिल्ह्यातला आहे, आणि जिल्ह्याच्या एखाद्या बैठकीत त्याचा उल्लेख झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनऊर्जा प्रकल्प येत नाहीत, त्यामुळे त्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. प्रदूषणाच्या वर्गवारीत त्यांना ‘श्वेत’ म्हणजे निरुपद्रवी वर्गात बसवलेले आहे. धूर निघत नाही या अर्थाने ते खरे आहे. पण मोठ्या खाणीवर ज्या गावकऱ्याला हरकत नोंदवता येते, त्याला आपल्या डोक्यावरच्या शंभर मनोऱ्यांबद्दल बोलायला जागाच नसावी, हे विचित्र आहे.

आता पर्यायांकडे येतो. आमच्या जिल्ह्याचा निसर्गच दोन तोंडांचा आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5,500 ते 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि शंभर किलोमीटरच्या आत पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम 500 मिलिमीटर. वारा पश्चिमेच्या सड्यावर आहे, तर ऊन आणि पाण्यावाचून पडून असलेली जमीन माण, खटाव, फलटणच्या पट्ट्यात. शेतीची दिवसाची मागणी सूर्यावर चालवायची, हे शासनाचे स्वतःचेच धोरण आहे. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 ची तिची दुसरी आवृत्ती यांचे मी मनापासून स्वागत करतो. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज तिथल्याच कृषी फीडरला दिवसा द्यायची, जागेला हेक्टरी वर्षाला किमान 1,25,000 रुपये भाडे द्यायचे आणि ते दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढवायचे, ही रचना शेतकऱ्याला समजते. दूरच्या सड्यावरून उच्चदाब वाहिनीने वीज बाहेर न्यायची आणि दुसरीकडून आमच्याकडे आणायची, यातली गळतीही त्यामुळे वाचते. एक मेगावॅटचा सौर संच वर्षाला साधारण 16 लाख युनिट देतो. सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्यांचे वर्षाचे सरासरी उत्पादन त्यांच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास धरले, तर मेगावॅटमागे दोघांचे उत्पन्न जवळपास सारखेच भरते. फरक प्रहराचा आहे, कारण सौरवीज दिवसा येते आणि दारं धरणारा माणूस रात्री घरी झोपतो.

एकेका शेतकऱ्याला स्वतंत्र सौरपंप देणारी ‘मागेल त्याला’ योजनाही चांगली आहे. जिथे वीजवाहिनी पोचलेली नाही तिथे तिला तोड नाही. पण वाहिनी आहे तिथे माझी पसंती फीडरलाच राहील. पिकाला पाणी नको असते तेव्हा शेतातल्या पंपाची सौर पाटी उन्हात नुसती तापत राहते, तर फीडरवरच्या संचाची वीज गिरणीला, शाळेला, दवाखान्याला जाते. फक्त एक धोका आधीच सांगून ठेवतो. या प्रकल्पांसाठी गायरान मागितले जाते तेव्हा मेंढपाळांना विचारले जात नाही. सड्याला ओसाड म्हणणारी नजर उद्या माणच्या गायरानालाही ओसाड म्हणेल आणि पुन्हा तेच होईल.

यापेक्षा मोठी संधी उपसा सिंचन योजनांत आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष दिसत नाही. कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून ते सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी भागात नेले जाते. हे पंप राज्यातल्या विजेच्या बड्या गिऱ्हाइकांपैकी आहेत, आणि त्यांच्या बिलाचा 81 टक्के भार शासन, 19 टक्के भार शेतकरी उचलतो. पाणी एकदा वरच्या तलावात पोचले की पुढे ते उताराने, विजेशिवाय जाते. म्हणजे तो तलाव हीच साठवलेली वीज आहे. पंप फक्त उन्हाच्या सहा-सात तासांत चालवायचे आणि पाणी वरच्या तलावांतून चोवीस तास सोडायचे, असे नियोजन झाले तर तेवढ्या कामापुरती बॅटरी लागत नाही, पवनचक्कीही लागत नाही. अडचण आहे, ती झाकत नाही. तेवढेच पाणी कमी तासांत उचलायचे तर पंपांची आणि जलवाहिन्यांची क्षमता वाढवावी लागेल, आणि काही टप्प्यांवर संतुलन तलाव मोठे करावे लागतील. पण हा खर्च आणि सड्यावरच्या नव्या मनोऱ्यांचा, रस्त्यांचा, वाहिन्यांचा खर्च एकदा शेजारी मांडून पाहायला काय हरकत आहे? जिहे-कठापूरच्या योजनेपासूनही ही सुरुवात करता येईल.

मग संध्याकाळचे काय, असे आपले अधिकारी विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. संध्याकाळी सातला सूर्य नसतो आणि घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू असतात. त्याचे उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. कोयनेचे चारही टप्पे आणि पायथा वीजगृह मिळून सुमारे 1,960 मेगावॅट क्षमता आहे, आणि जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भाराला आणता येतो. पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे सोडलेले एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी तीन कोटींहून अधिक युनिट देते. मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, आणि टंचाईच्या वर्षी पूर्वेकडचे सिंचन आणि पश्चिमेकडची वीज यांत ओढाताण होते. म्हणून दिवसाची मागणी जितकी सूर्यावर जाईल, तितके कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी हाताशी राहील, आणि त्यातले काही पूर्वेला, पिकालाही देता येईल. धोम, कण्हेर, वीर या धरणांच्या पायथ्याशी अनुक्रमे 2, 4 आणि 9 मेगावॅटची लहान वीजगृहे आहेत. सिंचनासाठी जे पाणी सोडायचेच आहे, त्यावर ती चालतात. जिथे धरण आहे पण असे वीजगृह नाही, तिथे ते बसवायला नवा डोंगर फोडावा लागत नाही. (कोयनेमुळे उठलेल्या गावांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही सरकारी फायलीत फिरते आहे, हे लिहिल्यावाचून मला कोयनेचे कौतुक करता येत नाही.)

उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे, म्हणजे पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवून लागेल तेव्हा खाली सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पांचे, प्रस्तावही आमच्या डोंगरांत येऊ लागले आहेत. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प राज्यात चालू आहे आणि त्याचे तंत्र चोख आहे. पण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला नवा जलाशय बांधून सडा वाचवला, असे म्हणता येणार नाही. असे प्रकल्प आधीच्या जलाशयांच्या जोडीत बसत असतील तरच घ्यावेत.

उसाचा चोथा ही आमच्या पट्ट्यातली आणखी एक ठेव आहे. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस म्हणजे हा चोथा निघतो, आणि गाळप हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत म्हणजे नेमका रब्बीच्या मागणीबरोबर चालतो. राज्यातील साखर कारखान्यांची चोथा जाळून सहवीजनिर्मिती करण्याची क्षमता 2,000 मेगावॅटहून अधिक झाली आहे. ज्या कारखान्यांत अजून कमी दाबाचे जुने बॉयलर आहेत, तिथे ते बदलले तर तेवढ्याच उसातून अधिक वीज जाळ्यात येईल. त्यासाठी कारखान्यांना परवडेल असा खरेदी दर आणि वेळेवर पैसे, एवढेच पुरे आहे.

बचतीबद्दल कोणी बोलत नाही, कारण तिचे उद्घाटन करता येत नाही. आमच्याकडची पंपाची मोटार दोन-तीनदा तरी रिवाइंड झालेली असते, पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसातची बसवलेली असते आणि कपॅसिटर कोणीतरी काढून ठेवलेला असतो. 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे. तेव्हा चांगला पंप घेण्याची गरज शेतकऱ्याला वाटणार नाही, ती शासनाला वाटायला हवी, कारण त्या पंपात वाया जाणाऱ्या प्रत्येक युनिटचे पैसे शासनच भरते. छपरावरच्या सौर संचाबद्दल अधिक लिहीत नाही. पाटण तालुक्यातलीच मान्याचीवाडी 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम झाली, आणि शंभरेक घरांच्या या वाडीने छपरांवर काय होते ते दाखवून दिले आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. प्रश्न आता पत्र्याच्या आणि कौलांच्या घरांचा आहे, ज्यांची छपरे संच पेलत नाहीत. त्यांच्यासाठी गावाच्या सामाईक जागेवर एकत्र संच बसवायची तरतूद सोपी करावी लागेल.

एवढे करूनही पवनऊर्जा हवी असेल तर ती जिथे आहे तिथेच वाढवा. 350 किलोवॅटच्या सहा जुन्या पवनचक्क्या काढल्या तर त्यांच्या एकत्र क्षमतेएवढी 2.1 मेगावॅटची एकच पवनचक्की उभी राहते, आणि उंच मनोऱ्यावर मोठ्या पात्याला वाराही अधिक मिळतो. रस्ते आधीच आहेत, उपकेंद्र आहे, वाहिनी आहे. केंद्राने 2023 साली 2 मेगावॅटहून लहान जुन्या पवनचक्क्यांच्या पुनर्उभारणीचे धोरण जाहीर केले आहे. अडते ते मालकीत. सहा पवनचक्क्यांचे सहा मालक, सहा करार आणि जमिनीचे तितकेच तुकडे. यावर महाऊर्जाने मध्यस्थ होऊन मालकांना एकत्र आणावे, नव्या उत्पन्नातला ठरावीक वाटा ग्रामपंचायतीला द्यावा, आणि रिकाम्या झालेल्या पाच पायांवरचे काँक्रीट फोडून ती जागा पुन्हा सड्याला परत करावी. ज्यांनी एके काळी कवडीमोलाने जमिनी विकल्या त्यांच्या मुलांना निदान एवढे तरी मिळायला हवे.

कोणी म्हणेल, मग कोळसा जाळायचा का? चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्या माणसांना तो प्रश्न विचारण्याची आमची प्राज्ञा नाही, आणि वर सांगितलेल्या एकाही मार्गात कोळशाला जागा नाही.

आपल्याकडे माझी पहिली मागणी साधी आहे. सातारा जिल्ह्यातील प्रत्येक उपकेंद्राच्या कृषी, घरगुती आणि औद्योगिक फीडरवरचा तासागणिक भार, आणि सड्यांवरील पवनचक्क्यांचे महिनावार उत्पादन, गेल्या पाच वर्षांचे, लोकांना पाहायला मिळावे. ते आकडे उपकेंद्रांच्या नोंदींत आधीच आहेत, त्यांना फक्त बाहेर यायचे आहे. ते येईपर्यंत कास ते वनकुसवडे या पट्ट्यातल्या कोणत्याही नव्या सड्यावर पवनऊर्जेची जागा निश्चित करू नये. त्यानंतरही एखादा प्रस्ताव आलाच, तर अधिसूचनेत नसली तरी जनसुनावणी घ्यावी, आणि ती पाटणच्या तहसीलदार कचेरीत न घेता सड्यावरच्या वाडीत, रब्बीची धांदल नसेल अशा दिवशी घ्यावी.

आपला,
पाटण तालुक्यातील एक शेतकरी आणि वीजग्राहक